दूध बिल अडलं तेव्हा फोन उचलणाऱ्या दादांना

आदरणीय दादांना सप्रेम नमस्कार,

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, आता जेवून घ्या" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून हे उघड पत्र. नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. मामेबहिणीचे दीर एवढीच तुमची ओळख पुरे. उघड लिहिण्यामागे थोडा हेतूही आहे. आमच्यासारखी जुनी एसक्यूएल सर्व्हरं (मायक्रोसॉफ्टचे डेटाबेस) अजून कितीतरी दूध संघांत, पतसंस्थांत, कारखान्यांत मुकाट चालू आहेत, आणि त्यांच्याशी बोलणारी लिनक्स मशीनं आज ना उद्या अपग्रेड होणारच आहेत.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. आमच्या शीतकरण केंद्रावर विंडोज मशीन आहे आणि त्यावर एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२. संकलनाचं सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिलं त्यांनी धंदा कधीच गुंडाळला, त्यामुळे त्या मशीनला हात लावायची कुणाची छाती होत नाही. मुख्य कार्यालयातलं उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) मशीन रोज व्हीपीएनवरून तिथले लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) ओढून घेतं आणि दर दहा दिवसांनी त्यावरून उत्पादकांची बिलं निघतात. २०२३ च्या मेअखेरीस उबंटू १८.०४ चा नियमित सपोर्ट संपला, म्हणून ते मशीन २०.०४ वरून पुढे २२.०४ वर नेलं. वेबसाइट चालू, प्रिंटर चालू, बॅकअप चालू. फक्त केंद्राचा डेटाबेस जोडला जाईना. पडद्यावर एकच ओळ: टीसीपी प्रोव्हायडर, एरर कोड ०एक्स२७४६. आणि बिलाची तारीख तोंडावर.

तोवर ऑफिसात तीन तट पडले होते. एकांचं म्हणणं फायरवॉल, दुसऱ्यांचं पासवर्ड, तिसरे नेटवाल्यांना फोनवर फोन करत होते. तुम्ही यातलं काहीच ऐकून घेतलं नाहीत. म्हणालात, "काय चालत नाही ते नंतर सांगा. आधी काय बदललं ते वाचून दाखवा." मग एपीटी या उबंटूवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाची हिस्टरी लॉग उघडायला लावलीत आणि मी एकेक नाव वाचत गेले. जुनं लिबएसएसएल १.१ गेलं, लिबएसएसएल ३ आलं, या ओळीवर तुम्ही थांबवलंत. लिबएसएसएल म्हणजे जोडण्या एन्क्रिप्ट करणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरचा भाग.

नंतर एनसी हे जोडणी तपासायचं साधन वापरून एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ पोर्ट तपासायला सांगितलंत. उघडा होता. मग तो एरर कोड. आम्ही सगळे त्याच्याकडे मंत्रासारखं बघत होतो आणि तुम्ही सरळ कॅल्क्युलेटर काढलात. हेक्समधला (सोळाच्या पायावरचा) २७४६ म्हणजे दशमानात १००५४, आणि विंडोजच्या नेटवर्किंगमध्ये १००५४ चा अर्थ ठरलेला आहे: समोरच्याने जोडणी तोडली. म्हणजे आमचा निरोप तिथवर पोचत होता, ऐकला जात होता आणि मग फोन ठेवला जात होता. पासवर्डपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. नेटवाले त्या क्षणी निर्दोष सुटले. त्यांची माफी कुणी मागितली नाही ही गोष्ट वेगळी.

मी लगेच ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट या चाचणीच्या साधनाने त्या पोर्टवर बघते म्हटलं, तेव्हा तुम्ही मला अडवलंत. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसांसाठी त्या साधनात सोय आहे, एसक्यूएल सर्व्हरसाठी नाही. तिथे टीएलएसचं (जोडणी एन्क्रिप्ट करायच्या प्रोटोकॉलचं) हस्तांदोलन थेट होत नाही, ते टीडीएस नावाच्या त्यांच्या स्वतःच्या पाकिटांत गुंडाळून जातं. त्यामुळे एस-क्लायंटची चाचणी फसली तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी टीसीपीडंपने नेटवर्कवरची पाकिटं पकडून वायरशार्कमध्ये उघडायला लावलीत. प्री-लॉगिन गेलं, उत्तर आलं, आमचा क्लायंट हॅलो (टीएलएसच्या हस्तांदोलनाचा पहिला निरोप) गेला, आणि जोडणी तुटली. त्या क्लायंट हॅलोत आम्ही टीएलएस १.२ च्या खाली उतरायला तयार नव्हतो. समोरचं मशीन फक्त १.० जाणत होतं.

म्हणजे बिघडलं काहीच नव्हतं. टीएलएस १.० हे १९९९ सालचं. १.२ आलं २००८ मध्ये. मार्च २०२१ मध्ये १.० आणि १.१ ही दोन्ही अधिकृतपणे निवृत्त केली गेली. उबंटूने त्याआधीच, २०.०४ मध्ये, नेहमीच्या मांडणीत १.२ पेक्षा जुनं नाकारायला सुरुवात केली होती. आमचं १८.०४ सगळं चालवून घेत होतं, म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

इथे कारण सापडलं आणि आमच्या टीममध्ये उपायांचा पूर आला. त्या संध्याकाळी तुम्ही ते एकेक करून ज्या शांतपणे बाजूला ठेवलेत, त्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे. एकाने कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेस जोडायच्या सेटिंगच्या ओळीत) एन्क्रिप्ट बंद करून बघितलं. तुम्ही सांगितलंत की एन्क्रिप्ट बंद असलं तरी लॉगिनचं पाकीट एन्क्रिप्ट होऊनच जातं, त्यामुळे हस्तांदोलन टळत नाही. दुसऱ्याने ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट लावलं. त्याने सर्टिफिकेटची पडताळणी टळते, प्रोटोकॉल बदलत नाही. तिसरा २०.०४ चं लिबएसएसएल १.१ उतरवून २२.०४ वर बसवायला निघाला होता. त्याला तुम्ही एवढंच विचारलंत, "त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या कोण देणार?" ओपनएसएसएल १.१.१ चा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये संपणार हे तोवर जाहीर झालेलंच होतं.

आणि सगळ्यांचा लाडका उपाय, ओपनएसएसएलच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये सेकलेव्हल (सुरक्षेची पातळी, आकडा जितका लहान तितकी ढिली) १ करणं. तो २०.०४ साठी बरोबर होता, म्हणून जिथे तिथे तोच सापडतो. पण सप्टेंबर २०२१ च्या ओपनएसएसएल ३.० पासून एसएचए-१ या जुन्या पद्धतीच्या डिजिटल सह्या लेव्हल १ वरही चालत नाहीत, म्हणून टीएलएस १.० हवं तर थेट लेव्हल ० वर उतरावं लागतं. आमच्या पोराने १ लावलं, चाललं नाही, आणि तो "कारणच चुकीचं आहे" म्हणायला लागला. तुम्ही नसतात तर आम्ही पुन्हा फायरवॉलकडे वळलो असतो.

शून्य लावलं की चालेल हे कळल्यावर मी तरी लगेच लावायला बसले होते. तुम्ही विचारलंत, "याच मशीनवरून बँकेला काय जातं?" आमचं बिलिंगचं ॲप्लिकेशन त्याच प्रोसेसमधून बँकेकडे पेमेंटची फाइल पाठवतं. मुख्य फाइलमध्ये लेव्हल शून्य केली असती तर केंद्राच्या जुन्या मशीनसाठी दिलेली सूट बँकेच्या जोडणीलाही लागू झाली असती. फक्त बिलिंगच्या सेवेपुरती केली असती तरी तेच. घरातल्या एका म्हाताऱ्याला चावता येत नाही म्हणून सगळ्यांच्या ताटात पेज वाढायची नाही, असं तुम्ही म्हणालात आणि आमचे व्यवस्थापक पहिल्यांदा हसले.

मग तुम्ही काम वेगळं काढायला लावलंत. केंद्राकडून आकडे ओढून आमच्याच मशीनवरच्या पोस्टग्रेसच्या टेबलात टाकणारी एक छोटी सेवा, एवढंच तिचं काम. ढिली कॉन्फिग फक्त तिला, ओपनएसएसएल_कॉन्फ या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला मिळणारी सेटिंग) वेगळ्या फाइलकडे बोट दाखवून. बिलिंग आणि बँक जशीच्या तशी कडक. त्या वेगळ्या फाइलमध्ये ओपनएसएसएल_कॉन्फची ओळ कुठल्याही कंसातल्या विभागाच्या आधी, अगदी वर हवी, नाहीतर खालचं सगळं वाचलंच जात नाही, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत. माझ्या टर्मिनलमधून जोडणी झाली आणि सेवेतून झाली नाही, तेव्हा तुम्ही फोनवर हसलात. टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) सेवेला दिसत नाही. ते सेवेच्या ओव्हरराइड फाइलमध्येच लिहावं लागतं. लिहिलं, सेवा पुन्हा चालू केली, आणि आकडे यायला लागले. बिलं वेळेवर निघाली.

कुणीही दुसरा तिथे थांबला असता. तुम्ही त्या फाइलच्या पहिल्या ओळीत शेऱ्यात तारीख लिहायला लावलीत, की या दिवसानंतर ही फाइल इथे दिसता कामा नये. आणि ती तारीख जवळ आली तशी तुमचाच फोन आला.

खरा इलाज केंद्रावर होता. एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ ला टीएलएस १.२ शिकवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्येच दिली होती. तिच्यासाठी आधी सर्व्हिस पॅक ३ लागतो. आमच्याकडे तो नव्हता. खालच्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ मध्येही टीएलएस १.२ असतं, पण बंद असतं, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) चालू करावं लागतं. आधी पूर्ण बॅकअप, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून बघणं, संकलनाचं सॉफ्टवेअर तिथे उघडतंय याची खात्री, आणि मगच संध्याकाळच्या संकलनानंतर केंद्रावर हात. तुम्ही हा क्रम एका पायरीनेही मोडू दिला नाहीत. केंद्रावरचा ऑपरेटर तुम्हाला "पुण्याचे साहेब" म्हणतो. तुम्ही नागपूरचे आहात हे त्याला दोनदा सांगून झालंय.

सर्टिफिकेटचंही तेव्हाच उरकलं. जुनं सर्व्हर स्वतःच बनवतं ते सोडून २०४८ बिटांचं, एसएचए-२५६ चं नवीन बसवलं, म्हणजे ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेटची पळवाटही बंद करता आली. त्यात एसक्यूएल सर्व्हरची सेवा सुरूच होईना. तुम्ही लगेच ओळखलंत: सेवा ज्या खात्यावर चालते त्याला खासगी किल्ली वाचायची परवानगी नव्हती. परवानगी दिली, सेवा उठली. ती ढिली फाइल मी त्याच रात्री काढून टाकली आणि नेहमीच्या कडक लेव्हल २ वर जोडणी झाल्याचा फोटो तुम्हाला पाठवला. त्यावर तुमचं उत्तर होतं, "छान. आता झोपा."

दादा, तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि संघाच्या लेटरहेडवरचं पत्रही नको म्हणालात. निदान एवढं तरी सांगते: तुमच्या यादीतलं शेवटचं काम मी सोडलेलं नाही. एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ चा सपोर्ट जुलै २०१९ मध्येच संपलाय, तेव्हा टीएलएस १.२ आलं म्हणून ते मशीन तरुण झालं नाही, हे तुमचं वाक्य मी प्रस्तावात जसंच्या तसं घातलंय. प्रस्ताव संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे. खर्चाचा आकडा बघून प्रश्न येणारच. त्या दिवशी दुपारी फोन जवळ ठेवा.

आपली नम्र,
दूध संघाच्या संगणक विभागातली तुमची धाकटी बहीण