मशीन अडकलं नव्हतं, शऱ्या

रामबाग, इंदूर
11 जानेवारी, रात्री साडेअकरा

प्रिय शऱ्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तीन दिवस तुझा नंबर काढतोय आणि फोन परत ठेवतोय. तू "बोल भिया" म्हणालास की मी थंडीपावसावर घसरणार, म्हणून कागद घेतला. दिवाळीपासून माझा आवाज नाही, त्याच्या शिव्या शेवटी एकदम दे. तब्येत ठीक. साखर वर गेली होती, गोळी वाढवली. झालं.

तुझ्या अण्णांचं भांडी धुवायचं मशीन चालू झालं.

हो, तेच. वाडा बिल्डरला दिला तेव्हा भंगारवाला बाराशे देत होता. मी पंधराशे दिले आणि चार माणसं लावून घरी आणलं. सुधादादा म्हणाला, "दिल्या, तुझं डोकं तपासून घे." मंजूचंही तेच मत, फक्त ती रोज सांगते. आत उंदरांनी तुझी एनसीसीची टोपी कुरतडून संसार थाटला होता. टोपी फेकली, क्षमस्व. कचरागाडीवाला विचारत होता, ओला की सुका?

अण्णांचा तो हिशेब आठवतो ना? 1972 साली जर्मनीहून बोटीनं आणलं आणि म्हणाले, नर्मदेचं पाणी इंदूरला आलं की चालवू. नर्मदा 1978 ला आली, पण तुमच्या नळाला काही जोर आला नाही. मग गच्चीवर टाकी बसली, आणि 1984 च्या जानेवारीत आपण दोघं, जीएसआयटीएस इंजिनियरिंग कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे महापंडित, काकू लग्नाला गेल्यात हे बघून नळी जोडायला बसलो. पुढचं तुला माहीत आहे. निदान आपल्याला वाटतं की माहीत आहे.

आधी तुझी चूक सांगतो, म्हणजे मला बळ येईल. कपड्यांची पावडर तू टाकलीस. त्या मशीनला फेस अजिबात चालत नाही. फेस पंपात शिरला की पंप पाण्याऐवजी हवा ढकलतो, फवाऱ्याचा जोर जातो आणि दारातून ढग बाहेर. स्वयंपाकघर ते देवघर हिमालय झाला होता. काकूंची ॲल्युमिनियमची कढई आत ठेवलीस तीही तूच. पावडरच्या अल्कलीनं ती काळी पडली, आणि तू चिंचेनं घासत बसलास, जसं काही ते पितळ होतं.

बरं, तेव्हाच्या एका भांडणात तू जिंकलास हेही कबूल. मी म्हणत होतो, फिरणाऱ्या हाताला वेगळी मोटर असणार. नाही. हाताच्या टोकाची भोकं तिरकी आहेत, पाणी एकीकडे सुटतं आणि हात उलटा फिरतो, बागेतल्या कारंज्यासारखा. एका पंपावर वरचा आणि खालचा असे दोन्ही हात चालतात. मी काचेचं झाकण बसवून बघणार होतो, मंजूनं काच लपवली.

आता मुद्दा. खालची पत्र्याची पट्टी काढली तर आत तपकिरी पाकिटात वायरिंगची आकृती. चाळीस वर्षं तिथेच! आपण कधी पट्टीच काढली नाही. दोन रात्री भिंग घेऊन बसलो. टायमर म्हणजे एक छोटी मोटर, तिच्यापुढे दातेरी चाकं, त्यापुढे कॅमचं, म्हणजे खाचा पाडलेल्या चकत्यांचं, ढोलकं. ढोलकं टिकटिक करत पुढे सरकतं, प्रत्येक कॅम आपापल्या तांब्याच्या पट्ट्या दाबतो किंवा सोडतो. एक कॅम पाणी घेतो, एक हीटर लावतो, एक पावडरच्या डबीचं झाकण उघडतो, एक पाणी उपसतो. आधी थंड पाण्यानं खरकटं काढणं, मग गरम धुणं, मग दोनदा विसळणं, शेवटी पुन्हा गरम विसळणं, म्हणजे भांडी स्वतःच्या उष्णतेनं वाळतात. प्रोग्रॅम म्हणजे खाचांची रांग, दुसरं काही नाही. इतकं देखणं काम मी नोकरीत पस्तीस वर्षांत पाहिलं नाही.

आणि त्या टायमरच्या मोटरची वायर, शऱ्या, थर्मोस्टॅटमधून जाते. धुण्याच्या टप्प्यावर मोटर बंद होते. ढोलकं जागच्या जागी थांबतं. पंप चालू, हीटर चालू, टिकटिक बंद. पाणी 65 अंशांना पोचलं की थर्मोस्टॅट मोटरला परत वीज देतो आणि गाडी पुढे.

तू ओरडत होतास, "थांब, पाणी तापतंय!" मी म्हणालो, जाम झालंय, आणि बटणाला पकड लावून ते उलटं फिरवलं.

परवा व्होल्टेज कमीजास्त करायचा डिमरस्टॅट मागून आणला. 235 व्होल्टवर पाणी तापायला बारा मिनिटं लागली. मग 180 वर आणलं. तेव्हा तुमच्या गल्लीत संध्याकाळी दिवे कसे पिवळे व्हायचे, ते 180 पेक्षा जास्त नसणार. व्होल्टेज उतरलं की हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. 220 चा तीन किलोवॉटचा हीटर 180 वर दोनच किलोवॉटचा राहतो. एकवीस मिनिटं लागली. मी स्टुलावर घड्याळ घेऊन बसलो होतो, बाविसाव्या मिनिटाआधीच टिक् ऐकू आलं. तू म्हणायचास मी पंधरा मिनिटांतच पकड घातली, मी म्हणायचो अर्धा तास वाट पाहिली. तुझंच खरं असणार. अर्धा तास थांबलो असतो तर ते सुरू झालं असतं.

टायमर उघडला. रॅचेटच्या पॉलचा, म्हणजे ढोलकं उलटं फिरू न देणाऱ्या खिट्टीचा, दाता तुटलेला. फेसानं काही जळलेलं नव्हतं. पट्ट्या चकचकीत आहेत. तुझ्या पावडरनं घर बुडालं, मशीन मेलं ते माझ्या पकडीनं.

आणि काकू परतल्यावर मी काय म्हणालो? "शऱ्यानं पावडर टाकली." खोटं नव्हतं ते, म्हणूनच इतकी वर्षं पचलं. अण्णा म्हणाले, शरदनं यंत्राला हात लावायचा नाही. वर्षअखेरीला तू मेकॅनिकल सोडून सिव्हिलला गेलास. तू नेहमी म्हणतोस ब्रिज आवडायचे म्हणून. मी कधी नीट विचारलं नाही. अण्णांच्या वर्षश्राद्धालाही आलो नाही, दोन ओळींचा मेसेज केला, त्याचं कारण ताप नव्हता.

दाता मिळत नाही. महाराणी रोड पालथा घातला, तिथला पोरगा म्हणाला, "अंकल, ये तो म्यूझियम में दो." सध्या टायमर मीच आहे. घड्याळ बघतो, एकेक खाच बटण पुढे सरकवतो, फक्त पुढे. मंजू म्हणते, सहा भांड्यांसाठी एक मशीन आणि एक इंजिनियर. पाण्याचा जडपणा काढायच्या भागात मीठ लागतं, बोअरचं पाणी आहे ना इथे. आतल्या रेझिननं कॅल्शियम पकडून ठेवायचं आणि मिठाच्या पाण्यानं ते धुवून काढायचं. सियागंजातून पाच किलो खडेमीठ आणलं, तर दुकानदार म्हणाला, कैरीचा मोसम लांब आहे साहेब.

गंमत सांगू? हे यंत्र चालेल असं बनवलं अमेरिकेतल्या एका बाईनं, जोसेफिन कॉक्रेन. नोकर चिनी मातीच्या बशा फोडतात म्हणून. 1886 चं पेटंट. 1893 च्या शिकागोच्या प्रदर्शनात तिची मशीनं होती, आणि त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले. अण्णांना हे सांगायला हवं होतं, एका वाक्यात दोन्ही आवडी.

तुझं ऑपरेशन फेब्रुवारीतच ना? डावा गुडघा की उजवा? चिन्मयीचे पेढे मिळाले, मंजूनं मला एकच दिला. वहिनींना नमस्कार.

तर अडचण अशी. रविवारी सुधादादा काकूंना घेऊन येतोय, मशीन बघायला. शहाऐंशी वर्षांच्या, पण कान तिखट. बघितल्याबरोबर म्हणतील, "शरदनं बिघडवलेलं तू दुरुस्त केलंस हो." आणि मी मान हलवणार? सकाळी अकराला फोन कर, स्पीकरवर टाकतो. पकडीचं मी सांगतो, कढईचं तू सांग. मी फोन उचलला नाही तर सुधादादाच्या फोनवर कर.

तुझा,
दिल्या

ता. क. कागदात गुंडाळलेला पितळेचा तुकडा म्हणजे तो दाता. नाशिकला कोणी घड्याळजी असेल तर दाखव. कुरिअरनं परत पाठव, हरवू नकोस.