खारा बांगडा म्हणजे कॉड नव्हे

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत जमैका बेटावरच्या ‘अ‍ॅकी आणि सॉल्टफिश’ या न्याहारीची कृती आली आहे. कृती ठीक आहे, घोटाळा शेवटच्या ओळीत आहे. ‘कॉड न मिळाल्यास खारा बांगडा रात्रभर भिजवून उकळून घ्यावा’ असे त्यात सुचवले आहे. तसे कोणी केले तर सकाळी हाती काटे आणि लगदाच लागेल.

अ‍ॅकी हे एक फळ, तर सॉल्टफिश म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. जाड, पांढऱ्या मांसाचा, मांसात तेल जवळजवळ नाहीच. म्हणून तो रात्रभर भिजतो, पाणी बदलून उकळतो, तरी त्याचे पदर शाबूत राहतात. बांगडा पातळ आणि तेलकट. त्याचे मीठ तासाभरात पुरेसे उतरते. पुढे मांस फुगते, आणि उकळला की तेल सुटून वास घरभर.

कॉडला पर्याय हवाच तर खारी मोरी, म्हणजे खारवलेला लहान शार्क, घ्या. तिला बारीक काटे नाहीत, मांसही कोरडे. वास मात्र अमोनियासारखा उग्र. तीन-चार तास भिजवून मध्ये दोनदा पाणी बदलावे, मग पाच-सात मिनिटे उकळून ते पाणी ओतून द्यावे आणि मांस हाताने सोडवावे. कांदा, टोमॅटो, मिरची परतून त्यात मोरी घालावी, शेवटी मिरपूड. चाखल्याशिवाय मीठ घालू नये. अ‍ॅकी डब्यातलीच वापरावी आणि अगदी शेवटी घालून हलक्या हाताने ढवळावी, नाहीतर तिचा भुगा होतो. हे फळ झाडावर आपोआप उकलल्याशिवाय काढत नाहीत, कारण कच्चे असताना ते विषारी असते.

बांगड्याला जमैकेला पाठवायची गरजच काय, हा खरा प्रश्न. त्याची जागा पेजेशेजारी आहे.

एक वाटी लाल उकडा तांदूळ, आठ वाट्या पाणी, उघडा टोप. मंद आचेवर पाऊण ते एक तास, अधूनमधून ढवळत. ढवळण्यानेच पेजेला दाटपणा येतो. कुकरमध्ये भात होतो, पेज होत नाही. पेजेत मीठ घालू नये. ते बांगड्यातून येते, आणि म्हणूनच भाजायचा बांगडा भिजवायचा नसतो. दोन पाण्यांत चोळून वरचे खडे काढावेत, फडक्याने टिपून दहा मिनिटे वाऱ्यावर ठेवावा. ओला बांगडा तव्याला चिकटतो, सालीसकट फाटतो.

निखाऱ्यावर आधी सालीची बाजू, मग आतली, प्रत्येकी तीन-चार मिनिटे. गॅसवर तवा, चमचाभर खोबरेल, आच मंद. मोठ्या आचेवर साल करपून कडू होते आणि मधल्या काट्यापाशी मांस कच्चे राहते. काटा उचलल्यावर मांसापासून अलगद सुटला की झाला. दोघांना एक बांगडा पुरे. रक्तदाबवाल्यांनी चवीपुरताच घ्यावा.

किसमूर करायचे तर भाजलेला एक बांगडा काटे काढून कुस्करावा. त्यात अर्धी वाटी ओले खोबरे, बारीक चिरलेला एक कांदा, अर्धा चमचा तिखट आणि भिजवून कुस्करलेली दोन आमसुले. खोबरे आणि कांदा ताटे घेतल्यावरच मिसळावेत, आधी मिसळले तर मिठाने पाणी सुटते.

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे बेगमीची खरेदी मे महिन्यात होते आणि फसवणूकही तेव्हाच. मांसावर गुलाबी डाग दिसले तर मिठात वाढणारे जिवाणू लागले आहेत, घेऊ नये. पोटाकडे गंजासारखा पिवळा-तपकिरी रंग आणि खवट वास म्हणजे तेल बिघडले. तिसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. खारवण्याआधी मासा बर्फाविना उन्हात पडून राहिला असेल तर त्यात हिस्टामिन नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते. असा बांगडा खाताना कधी जिभेला चुणचुण लागते, मग तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते. हे हिस्टामिन भिजवून, भाजून वा उकळून जात नाही. त्यामुळे जिभेला चुणचुण लागली की घास तिथेच थांबवावा आणि उरलेला बांगडा मांजरालाही घालू नये.

– एक वाचक, मालवण