पलंगाच्या कठड्यांविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा,
सादर नमस्कार.

परवा फोनवर मी आवाज चढवला, त्याबद्दल आधी तुम्हां दोघांची क्षमा मागते. बाबा रात्री कोणालाही न उठवता एकटे बाथरूमला जाऊन आले, हे आईने सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मोडलेले हाडच आले. एकट्याने जाऊन येता आले याचे त्यांना काय वाटले असेल, हे माझ्या मनातही आले नाही.

पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे लावण्याचा आग्रह माझाच होता. त्यानंतर आपल्या घरी येणाऱ्या नर्सबाईंशी सविस्तर बोलले. ज्याला उठायचेच आहे तो कठडे असले तरी उठतो, मात्र मग तो त्यांवरून चढून उतरू पाहतो आणि पडला तर अधिक उंचीवरून पडतो. शिवाय कठडा आणि गादी यांच्यामधल्या फटीत हातपाय, क्वचित मानही अडकू शकते. खरे सांगायचे तर ते कठडे बाबांसाठी नव्हतेच, मला इथे झोप लागावी म्हणून होते. आपण ते काढू या. पलंग जितका खाली घेता येईल तितका घ्यावा, वाटेतले पायपुसणे उचलावे, रात्रभर मंद दिवा ठेवावा. कमोडची खुर्ची शेजारी असू द्यावी. ती वापरायची की नाही, हे बाबा ठरवतील.

बाबा, तुमच्याकडूनही थोडे हवे आहे. मॉर्फिनचा डोस वाढवला की पहिले 2-3 दिवस गुंगी आणि चक्कर जास्त येते, पुढे बहुतेकांना ती कमी जाणवते. तेवढे दिवस तरी बेल वाजवल्याशिवाय उठू नका. एरवीही एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो, म्हणून पाय खाली सोडून मिनिटभर बसा. बाथरूमची कडी आतून लावू नका. आई दाराबाहेर थांबेल, आत डोकावणार नाही. आणि आई, त्यांचा तोल गेलाच तर झेलायला धावू नकोस, नाहीतर मला दोघांची शुश्रूषा करावी लागेल!

ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र मी कोणाचेच ऐकणार नाही. तो चालू असताना त्या खोलीत सिगारेट किंवा कोणतीही ज्योत नको, कारण तिथला धोका एकट्या बाबांचा नाही. पडण्याचा धोका त्यांचा स्वतःचा आहे, आणि तो समजून उमजून पत्करण्याइतकी त्यांची बुद्धी आजही शाबूत आहे.

पुढे कदाचित असा दिवस येईल की बाबा उठण्यासाठी धडपडतील, पण कुठे जायचे आहे ते त्यांना सांगता येणार नाही. अखेरच्या दिवसांत अशी अस्वस्थता पुष्कळांना येते; तिच्यामागे कधी तुंबलेली लघवी, कधी बद्धकोष्ठता, कधी न सांगता आलेली वेदना असते. तेव्हा आई, त्यांना धरून किंवा बांधून ठेवण्याआधी नर्सबाईंना फोन कर. त्या दिवशी निर्णय आपल्याला घ्यावे लागतील, म्हणून बाबा, काय चालेल आणि काय मुळीच चालणार नाही, ते तुम्ही आत्ताच सांगा. मी ते तुमच्याच शब्दांत लिहून घेईन.

शनिवारी येते आहे. पाना शोधून ठेवा, कठडे मीच सोडवीन.

तुमची,
लेक