चौथा ठिपका न सांगणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, तुमच्या ग्रुपमधले सगळे तुम्हाला काकाच म्हणत होते म्हणून मीही काकाच म्हणतोय. नंबर घ्यायचा राहून गेला आणि सकाळी आम्ही उठायच्या आत तुम्ही लोक निघून पण गेला होतात. म्हणून हे असं उघड पत्र, कुणीतरी ओळखीचं वाचेल आणि तुमच्यापर्यंत पोचवेल या आशेवर.

२०२४ च्या डिसेंबरचा शेवटचा शनिवार होता, अमावास्या दोन दिवसांवर. आम्ही पाच मित्र वीकेंडला तंबू घेऊन आलो होतो आणि शेजारीच तुमचा ग्रुप. मी माझी पहिलीवहिली दुर्बीण आणली होती, ६० मिलिमीटरची, आणि तासभर झटापट करून तिच्यात काळोखाशिवाय काहीही दिसलं नव्हतं. मित्र दोनदा येऊन डोळा लावून गेले, मग आत जाऊन पत्ते खेळायला बसले आणि मी दुर्बीण परत खोक्यात भरायला घेतली, सोमवारी परत करून टाकायची हे मनात ठरलं पण होतं. तेव्हा तुम्ही आलात आणि "भरू नकोस, जरा मी बघू का?" एवढंच विचारलंत.

खोक्यावर ५२५ पट असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, म्हणून मी सगळ्यात लहान म्हणजे ४ मिलिमीटरचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि वर ती तिप्पट करणारी नळी लावून बसलो होतो. तुम्ही ते दोन्ही काढून बाजूला ठेवलंत आणि २० चा लावलात. दुर्बिणीचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर, भागिले २०, म्हणजे फक्त ३५ पट. मला तेव्हा वाटलं हे तर कमी झालं! मग तुम्ही सांगितलंत की भिंगाच्या एका मिलिमीटरला साधारण दोन पट धरायचे, ६० ची दुर्बीण १२० च्या पुढे ताणली की चित्र नुसतं मोठं आणि धुरकट होतं, शिवाय आकाशाचा इतका बारका तुकडा दिसतो की त्यात काही सापडणंच अवघड. इतकी साधी गोष्ट, पण मला ती तोवर कुणीच सांगितली नव्हती, आणि खोकं तर उलटंच सांगत होतं. मग लांबच्या टॉवरचा लाल दिवा आधी दुर्बिणीत आणि मग फाइंडरच्या, म्हणजे नेम धरायच्या वरच्या छोट्या दुर्बिणीच्या, मधोमध आणून दिलात ("हे खरं तर दिवसाउजेडी करून ठेवायचं"), ट्रायपॉडला पाण्याची भरलेली बाटली लटकवलीत, आणि लटलट एकदम कमी झाली.

एवढं होऊनही लगेच बघू दिलं नाहीत. मोबाईल खिशात टाकायला लावलात, तुमचा लाल कागद लावलेला टॉर्च माझ्या हातात दिलात, आणि म्हणालात वीस मिनिटं नुसतं वर बघ. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की सगळं पहिल्यापासून. त्या वीस मिनिटांचा तुम्ही खेळच केलात. मृगातले ओळीतले तीन तारे दाखवलेत, म्हणालात ही रेघ खाली वाढव, काय लागतं? व्याध. आता वर वाढव. रोहिणी. अजून पुढे? कृत्तिका. किती तारे मोजता येतात? मला सहा आले, तुमच्या बायनॉक्युलरमधून बघितलं तर मोजणंच सोडून दिलं इतके. शर्मिष्ठा तारकासमूहावरून देवयानी दीर्घिकेकडे (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह) कसं जायचं ते सांगितलंत आणि तिच्याकडे सरळ न बघता जरा बाजूला बघायला लावलंत, आणि तो पुसट डाग खरंच उमटला काका, २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड. मी अख्खं आयुष्य त्याच आकाशाखाली काढलंय आणि मला यातलं काहीच दिसलेलं नव्हतं.

आणि मग गुरू. रोहिणीच्या जवळच होता, सगळ्यात ठळक. ३५ पटीत एक छोटीशी गोल चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत तीन बारीक ठिपके. मी विचारलं, हे तारे आहेत का? तुम्ही हसलात आणि म्हणालात, "मला नको सांगूस, वहीत काढ. उद्या घरून परत बघ, परत काढ. मग तूच सांग."

मला वही नव्हती, पत्त्यांच्या डावाचे गुण लिहायला आणलेला कागद होता त्याच्या मागे काढलं.

रविवारी रात्री दमून घरी पोचलो, पण तरी गच्चीवर दुर्बीण लावली. गुरू शहराच्या उजेडातही दिसतो हे तेव्हा कळलं. आणि ठिपके चार होते! जागा पण सगळ्या बदललेल्या. मी कालचा कागद काढला, लाल टॉर्च धरला, परत बघितलं, परत कागद बघितला. तारे असते तर असे रातोरात गुरूच्या अवतीभवती हलले नसते. म्हणजे हे त्याच्याचभोवती फिरतायत. शाळेत गुरूचे चंद्र शिकलो होतो की, नावं पण पाठ होती, पण ते उत्तर पेपरात लिहिण्यासाठी होतं, हे मी स्वतः बघून काढलेलं होतं.

नंतर वाचायला लागलो तेव्हा समजलं की गॅलिलिओला ७ जानेवारी १६१० च्या रात्री तीनच ठिपके दिसले होते आणि त्यालाही ते आधी साधे तारेच वाटले, चौथा त्याला १३ तारखेला दिसला. ते पान वाचताना अंगावर काटा आला, कारण त्यानेही तेच केलं होतं, रोज बघायचं आणि काढून ठेवायचं. तुम्हाला हे सगळं माहीत असणार. तरी तुम्ही त्या रात्री एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही नुसतं "हे गुरूचे चंद्र" असं म्हणाला असतात तर मी "वा" म्हणून तंबूत गेलो असतो आणि दुर्बीण सोमवारी दुकानात. माझे आभार मुख्य त्यासाठी आहेत, बाकी आयपीस वगैरे कुणीही बदलून दिला असता.

कागदाची पुढे खरीच वही झाली. ढग सोडले तर जवळजवळ रोज पाच-दहा मिनिटं. सगळ्यात लांब जाणारा ठिपका एका टोकाला गेला की परत त्याच टोकाला यायला सोळा-सतरा दिवस लागतात हे मी माझ्या चित्रांवरून काढलं, मग पुस्तकात बघितलं तर कॅलिस्टोचे १६.७ दिवस. या चारांतला सगळ्यात आतला चंद्र आयो तर पावणेदोन दिवसातच फेरी मारतो, म्हणजे संध्याकाळी बघून जेवून परत आलं तरी सरकलेला कळतो. माझी भाची नऊ वर्षांची आहे, तिने याचा खेळ केलाय, बघायच्या आधी आज ठिपके कुठे असतील ते दोघांनी काढायचं, ज्याचं जास्त जुळेल तो आधी डोळा लावणार. हल्ली बहुतेक वेळा तीच आधी बघते. आणि पत्तेवाले मित्र आता अमावास्या बघून वीकेंड ठरवतात, पत्ते पण असतातच, पण वीस मिनिटं अंधारात बसायचा नियम सगळे पाळतात.

तुमचा टॉर्च अजून माझ्याकडेच आहे. कागद एका बाजूने फाटला होता तो नवीन लावलाय. तो परत करायचाय आणि वही तुम्हाला दाखवायचीय, पहिल्या पानावर तो गुणांचा कागद तसाच चिकटवलाय.

त्या रात्री तुम्ही शनी पण दाखवला होतात, कडी नुसत्या रेघेसारखी होती, आणि मी जरा हिरमुसलो तेव्हा म्हणालात की मार्चमध्ये तर ती आपल्याला अगदी कडेने दिसणार, मग पुन्हा उघडायला लागतील. काका, लागलीत उघडायला. मी रोज बघतोय.