मन्ये, मला अजून शिकायचंय

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया,
९ नोव्हेंबर

प्रिय मन्ये,

हे व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं होतं, मग पुसून टाकलं. तिथे तू वाचतेस आणि अंगठा पाठवतेस. या बाबतीत मला तुझा अंगठा नकोय, जमलं तर भांडण हवंय.

तब्येती ठीक. थंडी पडली की माझा गुडघा कुरकुरतो, अभयचं बीपी गोळीवर आटोक्यात आहे, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे पम्याने सांगितलंच असेल.

आता मुद्द्याचं. परवा इथल्या कम्युनिटी कॉलेजात मॉडर्न डान्सच्या तासाला आमच्या वादकाने सातचा ठेका धरला. या तासाला रेकॉर्ड लावत नाहीत. एक माणूस कोपऱ्यात काँगा आणि जेंबे घेऊन बसलेला असतो आणि प्रोफेसर त्याला नुसत्या मानेने खुणावतात. रोज तीनात नाहीतर चारात चालतं. परवा सात. आम्ही दोघादोघांनी कोपऱ्यातून तिरपे निघालो आणि दुसऱ्या आवर्तनात सगळे गडबडले, कारण सातवी मात्रा झाली की जो तो आठवी शोधत होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणि मन्ये, माझ्या तोंडून निघालंच. ती ती ना, धी ना, धी ना. खड्या आवाजात. पहिलीला हात उलटा, चौथीला टाळी, सहावीला टाळी, आपल्या कथकच्या बाई मांडीवर द्यायच्या तशी. वादक थांबला, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या बोलांवर वाजवायला लागला. प्रोफेसर म्हणाल्या, सगळे खाली बसा, हिच्या मागून म्हणा.

कोण कोण आहे त्या वर्गात, तुला कल्पना यावी म्हणून सांगते. बहुतेक एकोणीस-वीस वर्षांची पोरं. एक जण रात्रभर गोदामात खोकी लावतो आणि सकाळी थेट तासाला येतो. एक नौदलातून बाहेर पडलेला, पाठ अजून सावधानमध्ये. एक सत्तरीच्या आजी, ज्यांचा पाय माझ्यापेक्षा वर जातो. हे सगळे मांडी घालून रूपक ताल म्हणत होते. 'धी'चं 'दी' होतं त्यांचं, होऊ दे. वादकाने मला विचारलं, यात 'एक' कुठे आहे? मी म्हटलं, हात उलटा होतो तिथेच. आमच्याकडे या तालाची सम, म्हणजे पहिली मात्रा, टाळीवर नाही, 'खाली'वर येते. तो बघतच राहिला. मग म्हणाला, पुन्हा वाजवू या.

अभयला घरी येऊन सांगितलं. तो मनापासून 'अरे वा' म्हणाला. पण हे ऐकून जिला रडू येईल अशी बाई जगात एकच आहे आणि ती सदाशिव पेठेत बसली आहे.

तासानंतर प्रोफेसरांनी मला थांबवलं. मे महिन्यातल्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगासाठी यावर काहीतरी बसव म्हणाल्या. पाच मिनिटं, सात जण, प्रकाशयोजना थिएटरच्या वर्गातली मुलं करतील. आमचा विभाग डान्सचा आणि थिएटरचा एकच आहे. गेल्या सत्रात मी स्टेजक्राफ्ट घेतलं होतं, तुला फोटो पाठवले होते. लाकडाच्या चौकटी ठोकून, कापड ताणून फ्लॅट बनवायचे, शिडीवर चढून दिवे टांगायचे, शेवटचा प्रयोग संपला की त्याच रात्री नटानटींसकट सगळ्यांनी मिळून सेट मोडायचा. पुरुषोत्तम करंडकाला आपण मिनिटं मोजत सेट लावायचो, तेव्हा तू मला साधा स्क्रू पिळू दिला नाहीस. आता ये म्हणावं, स्क्रूगन चालवून दाखवते.

तर काय बसवायचं हे मला त्याच रात्री दिसलं. रंगमंचावर मार्ली अंथरलेलं असतं, काळं व्हिनाइल. त्यावर घुंगरू चालत नाहीत, ओरखडे पडतात. घुंगरू सोडून अनवाणी तत्कार करावा, पायांनी बोल वाजवावेत, तर तळवा चिकटतो आणि आवाज मरतो. या कॉलेजात आल्यापासून माझे पाय गप्प आहेत, मन्ये. पहिले काही महिने मला ते सहनच व्हायचं नाही. आपण उभं राहून जमिनीला वाजवायला शिकलो. इथे जमिनीवर पडायला, लोळायला, तिथून उठायला शिकवतात. आमच्या प्रोफेसर लेस्टर हॉर्टनच्या पद्धतीने शिकवतात. हा माणूस लॉस एंजेलिसचा, तिथे त्याने डान्स थिएटर उघडलं, पुढे नावाजलेला नर्तक एल्विन एली त्याच्याच हाताखाली तयार झाला आणि १९५३ मध्ये हॉर्टन गेल्यावर कंपनी त्यानेच पुढे चालवली. त्याच्या पद्धतीत कंबरेतून काटकोनात वाकून पाठ अगदी सपाट धरायची असते. ऐकायला सोपं आहे. माझ्या कथकच्या पाठीला हे कोणी कधी विचारलंच नव्हतं, आणि आता ती पाठ उत्तर द्यायला लागली आहे.

म्हणून ठरवलंय की नाद पायातून काढून तोंडात द्यायचा. सातही जण पढंत करणार, पाय आणि पाठ हॉर्टनची, बोल बाईंचे. सुरुवातीला बोल हे संवादासारखे येतील, एक जण विचारतोय, दुसरा अडवतोय, तिसरा ऐकतच नाही. अर्थ एकाही शब्दाला नाही आणि तरी भांडण कळलं पाहिजे. मग कधीतरी ते सगळे एका समेवर येतील.

इथे तू म्हणशील, 'विदे, हे नाटक की नाच?' म्हणच. फिरोदिया करंडकाला तू माझा तुकडा याच प्रश्नावर कापलास. नाच सुरू झाला की नाटक थांबतं, म्हणालीस, आणि सगळ्या ग्रुपसमोर म्हणालीस. मी तेव्हाही सांगत होते की बाई नाचत असताना तिची सासू तिला बघतेय, म्हणजे नाटक चालूच आहे. आजही माझं तेच म्हणणं आहे. तुझं चुकलं होतं. करंडक नाही मिळाला तो मात्र त्यामुळे नाही, तो देवधरच्या माइकमुळे.

आता काळजी. मे महिन्यातल्या प्रयोगात राहायचं तर त्या सत्रात माझं नाव नोंदवलेलं हवं, आणि ती माझी शेवटची नोंदणी असेल. तुला वाटेल फी वाढली. नाही गं, एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर, २०१२ पासून तोच दर आहे, म्हणजे आपले चारेक हजार रुपये. इतक्या पैशात इतकं शिकवणारी जागा मला दुसरी माहीत नाही. अडचण नियमाची आहे. पूर्वी नाचाचा तोच वर्ग चार वेळा घेता यायचा. २००८ च्या मंदीनंतर राज्याकडे पैसे राहिले नाहीत, वर्ग कापले गेले, आणि २०१३ च्या सत्रापासून नियम आला की नाच, नाटक, चित्रकला, व्यायाम यांतला एकच वर्ग पुन्हा घेता येणार नाही, एका प्रकारचे फार तर चार टप्पे. म्हणून सगळ्या कॉलेजांनी मॉडर्न एक, दोन, तीन, चार असे जिने केले. माझे तीन झाले. मे महिन्यात चौथा संपेल आणि त्यानंतर मला त्या जमिनीवर पाय ठेवता येणार नाही.

आमच्या आजी हा नियम येण्याच्या आधीपासून इथे नाचतायत. त्यांनी त्यावर तोडगा सांगितला. नापास हो. नापास झालीस तर तोच वर्ग पुन्हा घेता येतो. एरवी येतो, पण नाचाच्या त्या चार नोंदण्यांत नापास झालेलीही मोजतात, हे मला नंतर कळलं. बाईंच्या शिष्येने नाचात मुद्दाम नापास व्हायचं! मी इतकी हसले की फरशीवर बसले. पण घरी गाडी चालवताना मला कळलं की मी तो पर्याय विचारात घेतेय.

मन्ये, राज्याचा हिशोबही मला कळतो. ही कॉलेजं पुढे जाणाऱ्यांसाठी आहेत. १९६० मध्ये राज्याने आराखडा केला तेव्हाच ठरलं की ज्याला शिकायचंय त्याला इथे दार उघडं, दोन वर्षं इथे, मग मोठ्या विद्यापीठात बदली. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. आमच्या शेजारच्या हेवर्डला शॅबो कॉलेजात टॉम हँक्स होता, रॉबिन विल्यम्स इथल्या कॉलेज ऑफ मरीनमध्ये नाटक शिकला आणि १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डला गेला. गोदामातल्या त्या पोराला तसंच पुढे जायचंय, साठ युनिट झाली की थिएटरसाठी स्टेट युनिव्हर्सिटीत. त्याची जागा मी अडवून धरावी असं मला मुळीच वाटत नाही. पण आमच्या वर्गात या सत्रात जागा रिकाम्या आहेत! आणि मी पुढे कुठे जाऊ? माझ्याकडे बीई आहे. दुसऱ्या पदवीला बहुतेक स्टेट युनिव्हर्सिटी घेत नाहीत. समुपदेशक बाई फार चांगल्या होत्या, त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं, 'शैक्षणिक ध्येय' असा रकाना आहे, त्यातून एक निवडायचं. पदवी, बदली, नोकरीसाठी कौशल्य, असंच सगळं. मी खालपर्यंत गेले. मला नाचायला शिकायचंय, असं कुठेच नाही.

आणि ज्याला त्याला हे सांगावं तर एकच उत्तर येतं. क्लास काढ. अभय म्हणतो, गराज मोकळं करून देतो. मंडळातल्या बायका म्हणतात, विदुला, तू विशारद, तुझ्याकडे रांग लागेल. फ्रीमाँटमध्ये घरोघरी क्लास आहेत, कुचिपुडी, भरतनाट्यम, बॉलीवूड, आणि त्यातल्या कितीतरी जणी जीव ओतून शिकवतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण मला शिकवायचं नाहीये. मला शिकायचंय. चाळिशी उलटलेल्या बाईने हे म्हटलं की लोकांना वाटतं ती लाजतेय. मी लाजत नाहीये. मला कोणीतरी अजून सांगायला हवंय की खांदा खाली, श्वास अडकलाय, पुन्हा कर. आठवड्यातून दोनदा मला हे कोणीतरी सांगतं आणि तेवढ्यासाठी मी बाकीचे पाच दिवस नीट वागते. ते गेलं तर काय करायचं हे मला खरोखर कळत नाहीये.

पर्याय सगळे बघून झाले. बिनयुनिटचे वर्ग काही कॉलेजांत असतात, फुकट, पण आमच्याकडे नाचाचे नाहीत. दुसऱ्या कॉलेजात जावं तर तिथले टप्पे वेगळे मोजतात, पण पूल ओलांडून जायचं, येताना दीड तास ट्रॅफिक. एमएफएला, म्हणजे नाचाच्या मास्टर्सला, अर्ज करावा तर स्वतःच्या कामाचं चित्रीकरण लागतं. ते आजवर नव्हतं. मे महिन्यानंतर असेल. हे मी कोणाला बोलले नाहीये, अभयलाही नाही. याच वर्षी आमची आर्याही कॉलेजांचे अर्ज भरतेय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती बसते तिच्या निबंधांना, समोर मी. ती शाळेत असतानाच आमच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स घेतेय, शाळेतल्या मुलांना इथे फुकट बसता येतं, त्यामुळे पार्किंगमध्ये ती मला ओळख दाखवत नाही. पण तालमीला दाराच्या काचेतून बघताना मी तिला पकडलंय.

तुला हे का लिहितेय ते तुला माहीत आहे. बाईंनी क्लास मला घे म्हटलं होतं आणि तो तू घेतलास. त्यावरून आपण किती वर्षं नीट बोललो नाही ते सोड. पण गेल्या खेपेला वैशालीत बसलो असताना तू कॉफी ढवळत म्हणालीस, 'मला आता कोणी शिकवत नाही गं.' मग लगेच वेटरला बोलावलंस. मी ते ऐकलं होतं, मन्ये.

तुझं काय चाललंय? वार्षिकोत्सवाची तारीख मिळाली का? त्या हॉलमालकाने भाडं वाढवलं म्हणत होतीस, त्याचं काय झालं? निखिलची बारावी, म्हणजे घरात कर्फ्यू असेल. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांना सांग की लसणाची चटणी विमानतळावर काढून घेतली नाही.

नोंदणी सोमवारी उघडते. मी चौथा टप्पा घेतेय आणि तुकडा बसवतेय, एवढं नक्की. त्यात राहिले तर मे महिन्यात जमीन जाईल, पण जमीन वाचवून ठेवून मी काय करणार? आता तुझं काम. बाईंच्या हिरव्या वहीत रूपकातली ती परण, पखवाजाच्या बोलांची रचना, आहे, त्या पावसाळ्यात आपल्याला पायात घुंगरू बांधू न देता नुसती म्हणायला लावली होती ती. शेवटच्या तिहाईत, तीनदा म्हणायच्या तुकड्यात, एक 'धा' वाढतो का, हे मला आठवत नाही, आणि ते चुकीचं त्या सात जणांना द्यायची माझी तयारी नाही. पानाचा फोटो पाठव, आणि तुझ्या आवाजात म्हणून पाठव. गुरुवारी पहिली तालीम आहे.

तुझी,
विदू

ता. क. वही तुझ्याकडेच आहे. माझ्याकडे आहे असं पम्याला सांगत फिरू नकोस.