कॅनव्हासच्या मागच्या बाजूचे आभार

आदरणीय मेस्त्री,

सादर नमस्कार.

गेल्या जुलैत आपण माझे एक व्यक्तिचित्र वाचवलेत. शाळेच्या सभागृहात ते लागले, तेव्हा व्यासपीठावरून माझे नाव घेतले गेले आणि आपले राहून गेले. ती उणीव मला वर्षभर सलत आहे, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

चित्र 5 फूट बाय 4 फुटांचे, शाळेच्या संस्थापिका बाईंचे. आधी अंबर या मातकट तपकिरी रंगाचा पातळ थर, मग चेहऱ्याचे आणि हातांचे थर, प्रत्येक वरच्या थरात जवसाचे तेल आधीच्यापेक्षा थोडे अधिक, अशा क्रमाने दोन महिने काम चालले होते. कॅनव्हास ज्यावर ताणून बसवतात ती लाकडी चौकट मात्र मी घाईत एका दुकानातून तयार आणली आणि तिथेच चुकलो. लाकूड ओले निघाले. पावसाची झड लागताच चौकटीला पीळ पडला, कापडावरचा सरस दमट हवेने सैल झाला, कॅनव्हासला पोट सुटले, आणि खालच्या कोपऱ्यातून निघालेली सुरकुती थेट बाईंच्या मनगटापर्यंत येऊन पोहोचली. अनावरणाला अकरा दिवस उरले होते. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होते. त्यामुळे नव्याने रंगवायला घेणे शक्यच नव्हते.

आपण भर पावसात आलात, चित्र उलटे करायला सांगितलेत आणि चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवलात. दुकानदाराने ते सरस लावून, वर खिळे ठोकून पक्के केले होते. ‘‘हितं खिळा मारायचा न्हाई, सांधा मोकळा ऱ्हाऊ दे,’’ एवढेच आपण बोललात. मग जुन्या वाड्याच्या तुळईतले मुरलेले सागवान काढून तीन दिवसांत नवी चौकट केलीत. कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकावे आणि लाकडाची रेघ चित्रावर उमटू नये, म्हणून चारही पट्ट्यांना आतल्या बाजूने उतार दिलात. मधे एक आडवी पट्टी घातलीत, आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन, अशा सांधा फाकवून कापड ताणणाऱ्या आठ पाचरी बसवल्यात.

जुने खिळे आपण एकेक करून उचकटत होतात, तेव्हा माझ्याने तिथे उभे राहवत नव्हते. कापड ताणताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात, एक खिळा इकडे, एक समोर, कोपरे सर्वांत शेवटी. पाचरी हलक्या हाताने ठोकल्यावर ती सुरकुती माझ्या डोळ्यांदेखत मनगटावरून मागे सरकत गेली. आपण मात्र तिथेच हात आवरलात. पावसाळ्यात सैल वाटणारे कापड उन्हाळ्यात आपोआप आवळते आणि आधीच फार ताणलेले असेल तर रंग तडकतो, हे तेवीस वर्षे ब्रश हातात धरूनही मला आपल्याकडूनच नीट समजले.

कोल्हापूरच्या चित्रकलेचा विषय निघाला की आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांची नावे आपसूक येतात. पण बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री होते आणि चित्रपटासाठी लागणारा कॅमेरा त्यांनी इथेच घडवला, हे आम्ही रंगवाले सहज विसरतो. हत्यार धरणारा हात आणि ब्रश धरणारा हात या गावात कधी फार दूर नव्हते. मी आपल्याला इतकी वर्षे केवळ चौकटीपुरते ओळखत होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वार्निश देण्यासाठी गेल्या आठवड्यात चित्र खाली उतरवले होते. कापड सगळीकडे सारखे ताणलेले आहे आणि मनगटावर एक रेघही नाही. वार्निश देण्यापूर्वी मागच्या मधल्या पट्टीवर आपले नाव, गाव आणि चौकट बसवल्याची तारीख मी पेन्सिलीने लिहिली आहे.

पावसाच्या आत 4 बाय 3 फुटांच्या दोन चौकटी हव्या आहेत. रविवारी सकाळी मापे घेऊन येतो. त्या वेळी आपण फक्त लाकडाचे पैसे घेतले होते. या खेपेला मागची आणि पुढची, दोन्ही मजुरी घ्यावी लागेल.

आपला ऋणी,
एक चित्रकार, कोल्हापूर