रायडर गेला की तो चालवायचा कसा तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार,

बाईक रेसिंगमधलं कोणी गेलं की पेपरात चार ओळी येतात. वय, ट्रॅकचं नाव, अपघात कसा झाला, संपलं. तो चालवायचा कसा, कॉर्नरला आतून घुसायचा की बाहेरून ओढायचा, स्टार्टला कसा सुटायचा, याबद्दल एक अक्षर नसतं आणि आम्हा बाईकवाल्यांना नेमकं तेच वाचायचं असतं. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळूरचा 13 वर्षांचा मुलगा गेला तेव्हा वागळे इस्टेटला माझ्या गॅरेजवर येणारी पोरं त्याच्याबद्दलच बोलत होती. त्याच सीझनला तो रेसमागून रेस जिंकत होता हे त्यांना मोबाईलवर कळलं, पेपरात नाही.

माझा मेहुणा मँचेस्टरला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा तो मला बेल व्ह्यू या तिथल्या क्लबच्या ट्रॅकवर स्पीडवे बघायला घेऊन गेला. आपल्याकडे हा खेळ फारसा कोणाला माहीत नाही म्हणून सांगतो. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार राउंड, जेमतेम एक मिनिटाची रेस. बाईक 500 सीसीची, सिंगल सिलिंडर, मिथेनॉलवर चालणारी, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच! मेकॅनिक असून मला पहिल्यांदा ते पटेना, पण त्यात लॉजिक आहे, इतक्या जवळून चालवताना पुढच्याने खचकन ब्रेक मारला तर मागचा सरळ त्याच्यावरच जाणार. वळताना मागचं चाक सरकवत न्यायचं, डाव्या बुटाला लोखंडी तळ लावलेला असतो तो पाय जमिनीला घासत, हँडल उजवीकडे आणि बाईक डावीकडे. पुढच्या रांगेत बसलात तर माती तोंडावर येते आणि प्रत्येक रेसनंतर लोक पेनाने प्रोग्रामवर पॉइंट लिहितात, पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1.

तिथे माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, जॅकेटवर क्लबचे बिल्लेच बिल्ले. मी भारतातून आलोय म्हटल्यावर ते पीटर क्रेव्हनबद्दल सांगायला लागले, लहानपणी त्याला त्यांनी रेस करताना पाहिलं होतं. क्रेव्हन बेल व्ह्यूचाच, 1955 आणि 1962 ला वर्ल्ड चॅम्पियन, अंगाने अगदी छोटा, लोक त्याला बॅलन्सचा जादूगार म्हणायचे. सीटवर तो बसायचाच कमी म्हणे, बाईकच्या अंगावर चढल्यासारखा असायचा, खांदा कुठे जायचा, गुडघा कुठे, हे सगळं त्या बाबांनी जागेवर उभं राहून मला करून दाखवलं. इतक्या वर्षांनी! तो गेला कसा हे ते काही बोलले नाहीत, ते मी नंतर मेहुण्याकडे वाचलं. 20 सप्टेंबर 1963 ला एडिंबरोला रेसमध्ये समोरच्या जॉर्ज हंटरला चुकवायला गेला आणि फेन्सवर आदळला, चार दिवसांनी गेला, वय 29. त्याचा जुना हाइड रोडचा ट्रॅक 1987 ला बंद झाला, विकला गेला, पण त्याच्या नावाच्या ट्रॉफीची रेस क्लबच्या नवीन स्टेडियमवरही लावतात. इंग्लंडचा स्पीडवे रायडर ली रिचर्डसन 2012 ला पोलंडमध्ये रेसमध्ये गेला, 33 वर्षांचा होता, त्याला इंग्लंडमधले लोक अजून 'रिको' म्हणूनच आठवतात, जसा घरातल्याला आठवावा तसा. शिवाय जखमी रायडर्ससाठी तिथे एक फंड आहे, त्यात साधे प्रेक्षकसुद्धा पैसे टाकतात.

आपल्याकडे काय होतं, तर पाम बीच रोडला रात्री रेस लावून मेलेला आणि ट्रॅकवर लायसन्स काढून, लेदर सूट घालून, मार्शल आणि ॲम्ब्युलन्स उभी असताना रेस करणारा, दोघांची बातमी सारखीच छापली जाते. मग आईवडील पोराला काय म्हणणार, ती बाईक विकून टाक. मला हे मनापासून लागतं, कारण माझ्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये दोन-तीन जणांचा हात खरंच चांगला आहे आणि त्यांनी ट्रॅकवर जावं असं मला वाटतं, घोडबंदर रोडवर नाही. रेसिंग धोक्याचं आहे हे मी नाकारत नाही, 13 वर्षांच्या मुलाला त्या स्पीडला सोडावं का हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि तुमच्यासारख्यांनीच तो विचारायला पाहिजे. पण तो विचारताना पोरगा कसा रायडर होता हेही लिहा ना.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी आली तर क्रीडा पानावर अर्धा कॉलम द्या, त्याच्या मेकॅनिकला फोन करा, त्याच्याबरोबर रेस केलेल्या एखाद्याला विचारा, ते सांगतील. आणि 24 सप्टेंबरला क्रेव्हनची पुण्यतिथी असते, त्या दिवशी त्याच्यावर काही छापणार असाल तर मजकूर मी लिहून पाठवतो, फोटोचं तेवढं तुम्ही बघा.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक,
वागळे इस्टेट, ठाणे